पोपटाची वाटी आणि घरातली अ‍ॅलर्जी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी निवडलेल्या सगळ्या पत्रांत एकच अडचण आहे. घरात कुणाला तरी अ‍ॅलर्जी आहे, आणि त्या भीतीने पक्ष्याच्या वाटीतला एकेक जिन्नस कमी होत चालला आहे. कमी करण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात: त्रास नक्की कशाचा आहे, आणि तो जिन्नस पक्ष्याला काय पुरवत होता.

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा कॉकाटील (तुऱ्याचा लहान पोपट) आहे, वजन ९२ ग्रॅम. राळे, सूर्यफुलाच्या बिया आणि रोज पाच-सहा शेंगदाणे असे त्याचे खाणे. आमच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान नुकतेच झाले. शेंगदाणे बंद केले तर पक्ष्याला ताकद कशातून मिळेल? आणि तेवढ्याने भागेल का?
— वाचक, ठाणे

उत्तर : शेंगदाणे आजच बंद करा, पक्ष्याचे काहीही अडणार नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी आणि पाव हिस्सा प्रथिने असतात. जीवनसत्त्व ‘अ’ नसल्यात जमा, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या चौथ्या हिश्श्याइतकेच. पक्ष्याला हे प्रमाण उलटे लागते, म्हणजे फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम दीडपट ते दुप्पट. सूर्यफुलाच्या बियांची गतही हीच. या आकाराचा पक्षी दिवसाला साधारण १२ ग्रॅम दाणा खातो. पाच-सहा शेंगदाणे म्हणजे ३ ग्रॅम, त्यातला चौथा भाग झाला. म्हणजे इतके दिवस त्याला चरबी भरपूर मिळत होती आणि कमतरता होती ती ‘अ’ जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची. तोंडात पांढरट ठिपके, चोंदलेल्या नाकपुड्या, सततची शिंक ही ‘अ’ कमी पडल्याची लक्षणे. एकदा बॅटरीच्या उजेडात चोच उघडून पाहून घ्या.

नवी वाटी अशी भरा. पेलेट (धान्य आणि पोषकद्रव्ये दळून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) ७ ते ८ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे. बारीक चिरलेली भाजी एक मोठा चमचा: लाल भोपळा, गाजर, वाफवलेले रताळे यांपैकी एक, आणि शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर यांपैकी एक. पालक आठवड्यातून एखाद्या वेळीच, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. राळे, वरी आणि थोडी करडई मिळून एक छोटा चमचा. आठवड्यातून तीनदा मोड आलेले मूग किंवा मटकी अर्धा चमचा. हिरवी मिरची खुशाल द्या. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, आणि मिरचीत ‘अ’ व ‘क’ दोन्ही आहेत.

शेंगदाणा शेंगवर्गातला म्हणून मूग-मटकीही बंद करावी का, अशी शंका मनात येईल. तुमचा मुलगा मूग, मटकी, हरभरा निर्धास्त खात असेल तर ती पक्ष्याला देण्यात अडचण नाही. सगळी कडधान्ये एका फटक्यात काढून टाकली की पक्ष्याची प्रथिने जातात आणि हाती काही लागत नाही.

खाद्य विकत घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. माणसांच्या पॅकबंद पदार्थांवर शेंगदाणा, गहू, सोया यांचा उल्लेख करण्याची सक्ती आहे. पक्ष्यांच्या खाद्याला ती लागू नाही. काही पेलेटमध्ये दळलेले शेंगदाणे असतात. सुटे मिश्र खाद्य तर घेऊच नका: दुकानदार शेंगदाण्याच्या पोत्यात घातलेले माप तसेच राळ्याच्या पोत्यात घालतो. सीलबंद पाकीट, घटकांची पूर्ण यादी आणि शंका आली तर उत्पादकाला लेखी विचारणा, एवढे तरी कराच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. नुसते शेंगदाणे बंद करून भागत नाही, कारण त्यांचा अंश पिंजऱ्यात उरलेला असतो. जुने खाद्य, त्याचा डबा आणि माप टाकून द्या. वाट्या साबणाने धुवा. लाकडी दांड्या आणि लाकडी खेळणी बदला, कारण लाकूड तेल पिते आणि पक्षी चोच त्यावरच घासतो. पिंजऱ्याच्या गजांना ओले, साबण लावलेले फडके फिरवून मग स्वच्छ पाण्याने पुसा. पक्षी दाणे फेकतो, ते सहज तीन-चार फुटांवर जातात. त्यामुळे पिंजरा मुलाच्या खेळण्याच्या, जेवण्याच्या जागेपासून लांब हवा आणि खालची फरशी रोज ओल्या फडक्याने पुसायला हवी. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते. लाडात आलेला कॉकाटील पोटातले खाणे वर काढून माणसाला भरवतो, म्हणून चोचीचे पापे आणि तोंडातला घास भरवणे कायमचे बंद.

आणि घरातल्यांना, शेजाऱ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे पोपट दिसला की हात शेंगदाण्याकडेच जातो. उपवासाच्या खिचडीतला घास, कूट घातलेली कोशिंबीर, चिक्कीचा तुकडा याच वाटेने शेंगदाणा पुन्हा पिंजऱ्यात शिरतो. त्यातले मीठ आणि साखर पक्ष्यालाही चांगले नाही.

दाण्यावर वाढलेला पक्षी पेलेट लगेच स्वीकारत नाही. त्याला सहा ते आठ आठवडे द्या. एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. सुरुवातीला नेहमीचा दाणा तीन भाग, पेलेट एक भाग. दर दहा-बारा दिवसांनी दाणा थोडा कमी करा. सकाळी तो भुकेला असतो, तेव्हा आधी पेलेट आणि भाजी ठेवा, तासाभराने दाणा. कॉकाटील थव्याने खाणारा पक्षी आहे. वाटीपेक्षा सपाट ताटलीत पसरून ठेवले आणि समोर बसून बोटाने टिपल्यासारखे केले की तो लवकर चोच लावतो. वजन ८७ च्या खाली आले तर एक पायरी मागे जा. ८३ ला आले, म्हणजे दहा टक्के घटले, तर पेलेटचा हट्ट सोडून जुना दाणा (शेंगदाण्याविना) पूर्ववत द्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब पोपटाला लागू पडत नाही. एवढासा पक्षी एक-दोन दिवसांच्या उपाशीपणातही दगावतो. विष्ठा कमी, गडद हिरवी आणि चिकट दिसली, तर पेलेटशी खेळणे चालू आहे, खाणे नाही, असे समजा.

प्रश्न : मला दमा आहे. घरी बारा लव्ह बर्ड आहेत. सकाळी बाजरी-राळ्याच्या वाट्या भरताना शिंका आणि धाप सुरू होते, इतर वेळी फारसा त्रास नाही. पक्षी देऊन टाकावे लागतील का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात बजरीगर आहेत. आपल्याकडे त्यांनाच लव्ह बर्ड म्हणतात; खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा आणि वेगळा. हे सांगायचे कारण, बजरीगरच्या पिसांतून कॉकाटीलसारखी पांढरी भुकटी फारशी झडत नाही. त्रास नेमका वाट्या भरतानाच होत असेल, तर पहिला संशय धान्यावर घ्यायला हवा: कोंडा, बुरशी आणि साठवणीतल्या धान्यात होणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे हे तिन्ही वाढतात. संशय पक्का करण्यासाठी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची चाचणी करताना पक्ष्यांच्या पिसांबरोबर धान्यातल्या माइटचाही उल्लेख करा, नाहीतर ती चाचणी होतच नाही.

एक सवय मात्र आजच मोडा: वाटीवर फुंकर मारून टरफले उडवण्याची. सगळी धूळ थेट तोंडावर येते. वाटी घराबाहेर पिशवीत रिकामी करा, धुवा, पूर्ण कोरडी करा, मग भरा. टरफलांनी भरलेली वाटी भरलेलीच दिसते आणि खाली एकही दाणा नसतो. बजरीगर उपाशी राहतात ते बहुतेक वेळा याच चुकीने.

धान्य महिन्यापुरतेच घ्या. घरातल्या दमा नसलेल्या माणसाने ते अंगणात किंवा गच्चीत बारीक चाळणीने चाळावे, वाऱ्याकडे पाठ करून. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या घट्ट पिशव्यांत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. गारठ्याने माइट आणि धान्यातल्या पतंगांची अंडी मरतात, पण मेलेल्या माइटचे कणही शिंका आणतातच. म्हणून चाळणे आधी, गारठवणे नंतर, आणि दोन्ही हवे. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरून बुरशी येते. कुबट वास आलेले किंवा जाळी धरलेले धान्य धुऊन, उन्हात घालून, भाजून वापरू नका. बुरशीचे विष त्याने जात नाही आणि पक्ष्याच्या यकृतावर त्याचा घाला बसतो.

धूळ खरी कमी होते ती मोड आणल्याने. ओला दाणा उडत नाही आणि पोषणातही सरस ठरतो. बारा पक्ष्यांना चार मोठे चमचे बाजरी-राळे घ्या. तीन पाण्यांनी धुवा, रात्रभर म्हणजे आठ तास भिजवा, सकाळी निथळून चाळणीत पसरून ओल्या कापडाने झाका. दर सहा-आठ तासांनी धुवा. मोड दोन-तीन मिलिमीटरचे झाले की द्या. उन्हाळ्यात एका दिवसात होतात, थंडीत दोन लागतात. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला तर सगळी खेप फेका, कारण त्यात जिवाणू वाढलेले असतात. पिंजऱ्यात ठेवलेले मोड दोन तासांत उचला.

पिंजऱ्यातला कागद बदलण्याआधी त्यावर पाण्याचा फवारा मारून मग घडी घाला. झाडू नको, ओले फडके. तोंडावर एन-९५ मास्क. हवा शुद्ध करणारे यंत्र घेणार असाल तर हेपा गाळणीचे घ्या, ओझोन सोडणारे नको. ओझोन तुमच्या दम्यालाही वाईट आणि पक्ष्यांच्या फुप्फुसालाही.

नुसत्या धान्यावरच्या बजरीगरला आयोडीन कमी पडते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते, श्वासाबरोबर बारीक चिरकल्यासारखा आवाज येतो, खाल्लेले वर येते. म्हणून मोडांबरोबर निम्म्यापर्यंत पेलेटवर आणा. मीठ घालून आयोडीन देण्याचा प्रयत्न करू नका.

हे सगळे करूनही महिन्याभरात धाप कमी झाली नाही, तर पक्ष्यांचा प्रश्न डॉक्टरांसमोर नव्याने मांडावा लागेल. दम्याचा पंप बंद करून ‘आता बरे वाटते का’ हे पाहण्याचा प्रयोग करू नका.

प्रश्न : दहा वर्षांपासून घरी आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आहे. अलीकडे हाफ फ्राय खाल्ले की माझ्या ओठांना खाज येते, पोट दुखते. केकमधले अंडे चालते. पक्ष्याला आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे देतो, ते मला हाताळू नये का? आणि अंडे बंद केले तर त्याला काय द्यायचे?
— वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वर्णनाशी जुळणारा एक विकार वैद्यकशास्त्राला माहीत आहे. पक्ष्यांच्या पिसांच्या भुकटीत आणि विष्ठेत एक अल्ब्युमिन असते. अंड्याच्या पिवळ्या बलकातही तेच प्रथिन असते. वर्षानुवर्षे श्वासावाटे ते शरीरात गेले की काही प्रौढांना आधी पक्ष्याची आणि मागाहून बलकाची अ‍ॅलर्जी होते. लहान मुलांतली अंड्याची अ‍ॅलर्जी बहुधा पांढऱ्या भागाची असते; इथे उलट आहे. उष्णतेने हे प्रथिन बऱ्याच अंशी मोडते, म्हणून केक चालतो आणि अर्धेकच्चे अंडे बाधते. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या, आणि घरी पोपट आहे हे त्यांना न विचारता सांगा. अंड्याच्या तक्रारीत पक्ष्याचा विषय सहसा निघत नाही.

निदान पक्के झाले तर लक्षात घ्या, उकडलेल्या अंड्यापेक्षा पिसांची भुकटी हा मोठा प्रश्न आहे, आणि ग्रे, कॉकाटील, काकाकुवा हे भुकटीवाले पक्षी आहेत. चांगल्या आहाराने त्वचा निरोगी राहते, कोरडा कोंडा कमी होतो. भुकटी मात्र थांबत नाही, ती त्यांच्या पिसांची रचनाच आहे. जवसाचे तेल पाजून भुकटी बंद होते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा फवारा, पिंजरा झोपण्याच्या खोलीबाहेर आणि सफाई दुसऱ्याच्या हातून, याने फरक पडतो.

अंड्याच्या जागी: शिजवलेली मसूर किंवा मूग एक मोठा चमचा आणि शिजवलेला राजगिरा एक चमचा, आठवड्यातून तीनदा. राजमा द्यायचा झाला तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवलेलाच; अर्धा शिजलेला राजमा विषारी असतो. ग्रेच्या बाबतीत खरी काळजी कॅल्शियमची. या जातीत रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरून झटके येतात, पक्षी दांडीवरून खाली पडतो. मूळ आहार पेलेटचा ठेवा. जोडीला शेवग्याचा पाला रोज, शिजवलेली नाचणी आठवड्यातून दोनदा, आणि सकाळचे कोवळे ऊन १५-२० मिनिटे, काचेतून नाही. काच ऊन देते, पण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण अडवते.

प्रश्न : मला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते. माझ्या कोन्यूर जातीच्या पोपटाच्या पेलेटमध्ये गहू आहे. बदलू का?
— वाचक, नागपूर

उत्तर : पेलेट तुमच्या पोटात जात नसतील तर सक्तीने बदलायची गरज नाही. अडचण चुऱ्याची असते. पुडीच्या तळाशी पीठ साचते, ते ओतताना नाकातोंडात उडते आणि ओट्यावर बसते. पक्ष्याचे काम ओट्यापासून लांब, वेगळ्या मापाने, मास्क लावून करा आणि नंतर हात धुवा. तळाचा चुरा पक्षीही खात नाही, तो टाकून द्या. गहू नसलेले पेलेट सहज मिळत असतील तर जरूर घ्या, मात्र बदल वर सांगितल्याप्रमाणे हळूहळू आणि वजन करत. ज्वारी, नाचणी, राजगिरा, वरी यांत ग्लुटेन नाही, तेव्हा शिजवलेल्या खाण्यात तीच वापरा, म्हणजे तुमच्या आणि पक्ष्याच्या स्वयंपाकाला एकच भांडे चालेल. ते भांडे स्टीलचे हवे. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, बाजूच्या खोलीतलाही.

प्रश्न : मला मासे चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. पोपटासाठी समुद्रफेस आणून ठेवला आहे. चालेल?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : समुद्रफेस, म्हणजे पक्ष्याला कॅल्शियमसाठी देतात तो पांढरा तुकडा, माशाचा नव्हे, म्हाकुलाच्या जातकुळीतल्या प्राण्याचा. सुरमई-बांगड्याची अ‍ॅलर्जी आणि म्हाकूल-कोळंबी-तिसऱ्यांची अ‍ॅलर्जी या वेगवेगळ्या. एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. तुम्ही म्हाकूल, कोळंबी सुखाने खात असाल तर समुद्रफेस हाताळायला हरकत नाही. ती बाधत असतील तर तो टाळा, शिंपल्यांचा चुराही टाळा आणि चुनखडीपासून केलेली कॅल्शियमची वडी लावा. किनाऱ्यावरून वेचलेला समुद्रफेस गोड्या पाण्यात तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मग दहा मिनिटे उकळून कडक उन्हात वाळवा. नाहीतर मीठ पक्ष्याच्या पोटात जाते. पिंजऱ्यात अडकवताना मऊ बाजू पक्ष्याकडे.

प्रश्न : वडिलांनी आठ वर्षांपासून राघू पाळला आहे. भिजवलेली हरभरा डाळ, पेरू, मिरची खातो. पिंजरा साफ केला त्या दिवशी संध्याकाळी वडिलांना कोरडा खोकला, कणकण आणि दम लागतो, दुसऱ्या दिवशी बरे वाटते. पक्ष्याचे खाणे बदलून फायदा होईल का?
— वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. वडिलांना या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांकडे न्या. पक्ष्याच्या संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, खोकला आणि धाप येणे ही साध्या अ‍ॅलर्जीची रीत नाही. ती काही मिनिटांत शिंका आणते. उशिरा येणारा हा त्रास विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसाला येणाऱ्या सुजेचा असू शकतो. संपर्क चालू राहिला तर फुप्फुस कायमचे घट्ट होत जाते. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजारही ताप-खोकल्याचाच असतो आणि त्याला प्रतिजैविक लागते. म्हणून घरी पोपट आहे, तो किती वर्षे आहे आणि त्रास केव्हा सुरू होतो, हे तिन्ही डॉक्टरांना सांगा. तोवर वडिलांनी पिंजऱ्याला हात लावू नये, आणि दुसऱ्या कुणी सफाई केली तरी त्या वेळी ते घराबाहेर असावेत.

दुसरी गोष्ट, राघू हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित पक्षी आहे. तो घरी पाळता येत नाही, हौसेने सांभाळला असला तरीही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आठ वर्षे पिंजऱ्यात राहिलेला राघू स्वतःच बाहेर सोडून देऊ नका. त्याला उडण्याचे बळ नसते, खाणे शोधता येत नाही, आणि कावळे-मांजरे त्याला टिकू देत नाहीत. वन विभागाचे लोक येईपर्यंत डाळ निम्मी करा आणि त्या जागी मोड आलेले मूग, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या. पेरू आणि मिरची चालू ठेवा. काही दिवसांचाच प्रश्न असल्याने पेलेटची सवय लावायला जाऊ नका. तो काय खातो, किती खातो, ते एका कागदावर लिहून पक्ष्याबरोबर द्या. नव्या जागी अनोळखी खाणे पुढे आले की पोपट चोच मिटून बसतो, आणि तेव्हा तो कागद त्याच्या उपयोगी पडतो.